मोअर वायडर

२ एप्रिल, मंगळवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

पुस्तकाचं नाव पक्कं झालं. 'रोजच्या इंग्रजीतली तुलना: ५०१ वाक्प्रयोग'. लेखक रामकिशन घोरबांड, संचालक, बेटरमेंट इंग्लिश अकॅडमी, लातूर. आपल्या पोरांना टॉल, टॉलर, टॉलेस्ट पाठ असतं. पण इंग्रजी बोलणारा माणूस दिवसभर टॉलर-टॉलेस्ट करत हिंडत नाही. तो म्हणतो 'मोअर ऑर लेस'. म्हणतो 'सूनर ऑर लेटर'. म्हणतो 'बेटर दॅन नथिंग'. तुलना करतो आणि सुटतो. यावर मराठवाड्यात अजून कोणी लिहिलेलं नाही. निदान माझ्या वाचनात नाही.

संकल्प: रोज दहा वाक्प्रयोग. प्रत्येकाला उदाहरण आपल्याच आयुष्यातलं. प्रकाशन १२ मे, रविवार, सकाळी अकरा, अकॅडमीच्याच हॉलमध्ये.

आजचे झाले: तीन. पहिला दिवस म्हणून ठीक.

४ एप्रिल, गुरुवार

सिंधुबाई हॉल झाडायला रोज औशाहून पहिल्या बसने येतात. सहा वर्षांत एक खाडा नाही. आज झाडू हातात धरून दारात उभ्या. म्हणाल्या, "सर, वरून पांढरं पडायलंय. कालबी पडलं, आजबी." तिसऱ्या बाकावर खरंच चुन्यासारखी भुकटी होती.

वर पाहिलं. स्लॅबला तडा. पंख्याच्या हुकापासून खिडकीकडच्या भिंतीपर्यंत, केसाएवढा. मार्चमध्ये नांदेडकडं भूकंपाचा धक्का बसला होता, त्याचा असणार. तसं सिंधुबाईंना समजावून सांगितलं. त्या 'हाव सर' म्हणाल्या आणि बाक पुसला.

उदाहरण मात्र फुकटात मिळालं: 'द क्रॅक इज नो थिकर दॅन अ हेअर.' पाठ चौथा.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. सुट्टी. वाक्प्रयोग शून्य. पुरणपोळ्या मोअर दॅन इनफ.

११ एप्रिल, गुरुवार

सहाच्या बॅचला महामाया मॅडम आहेत. सरकारी बांधकाम खात्यात ज्युनिअर इंजिनिअर. मीटिंगमध्ये वरचे साहेब इंग्रजीत बोलतात आणि यांची जीभ उचलत नाही, म्हणून क्लास लावला. हुशार आहेत. पण आज फळ्याकडे बघायचं सोडून तासभर छताकडे बघत होत्या. शेवटी मी विचारलं, मॅडम, वर काय लिहिलंय का? बॅच हसली.

त्यांनी विचारलं, या हॉलच्या वर काय आहे.

वर गच्ची. गच्चीवर मालकांच्या पाण्याच्या टाक्या. आधी दोन होत्या, मागच्या महिन्यात तिसरी चढवली, काळी, तीही पाच हजार लिटरची. लातूरला नळ आठवड्यातून एकदा. ज्याच्याकडं जास्त टाक्या तो मोठा माणूस. मालक गुरुपादप्पा मोठे आहेत.

मॅडमनी डोळे मिटून काहीतरी हिशेब केला. मग म्हणाल्या, "सर, पंधरा टन होतंय." मी म्हटलं, सेंटेन्समध्ये सांगा. त्या म्हणाल्या, "इट इज टू हेवी." मी म्हटलं, बरोबर, पण आजचा विषय कम्पॅरेटिव्ह आहे. हेविअर दॅन व्हॉट?

क्लास सुटल्यावर त्या बाकावर चढल्या आणि तडा जिथं संपतो तिथं पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. बाकावर चपलांचे ठसे.

१५ एप्रिल, सोमवार

काल जयंतीची सुट्टी होती. आज मॅडम निळा स्कार्फ घालून आल्या, मिरवणुकीत ओरडून आवाज बसलेला. तरी आल्या आल्या बाकावर चढल्या. तडा पेन्सिलीच्या रेघेच्या पुढे वीतभर गेलाय म्हणे. भिंतीवरही उतरलाय.

मी चांगला शिक्षक आहे. समोर आलेल्या गोष्टीचा मी धडा करतो. फळ्यावर लिहिलं, 'द क्रॅक इज लाँगर दॅन बिफोर.' सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं. बत्तीस जण एका सुरात. आवाज इतका घुमला की वरून थोडी भुकटी पडली. सगळे हसले. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत.

भिंतीवरच्या भागावर 'डिग्रीज ऑफ कम्पॅरिझन'चा तक्ता लावला. छान दिसतो. आधीच लावायला पाहिजे होता.

वाक्प्रयोग एकूण ६१. वेळापत्रकाच्या मोअर ऑर लेस बरोबरीत. (असायला हवे होते १४०.)

१८ एप्रिल, गुरुवार

मॅडमनी काचेची एक पातळ पट्टी आणली. तड्याच्या दोन्ही काठांना आडवी चिकटवली. म्हणाल्या, तडा जागचा असला तर काच राहील, हलला तर फुटेल. मी म्हटलं, मॅडम, हा इंग्लिशचा क्लास आहे. त्या म्हणाल्या, "म्हणून तर सर. तुम्ही रोज म्हणताय सेम आहे, सेम आहे. काच सांगंल ना."

बोलण्यात थोडा उद्धटपणा वाटला. फ्लुएन्सी वाढली की असं होतं.

२० एप्रिल, शनिवार

काच फुटली.

पंख्याच्या वाऱ्याने फुटली असणार. किंवा बॅचमधल्या कोणी डस्टर फेकून मारला असेल. सिंधुबाई म्हणाल्या, सकाळी दार उघडलं तेव्हाच तुकडे खाली होते, बॅच यायच्या आत. मी म्हटलं, रात्री मांजर आलं असेल. त्या म्हणाल्या, "छताला मांजर, सर?"

तुकडे उचलायला सांगितले. मॅडमना दिसतील म्हणून नव्हे. कोणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून.

संकल्प: उद्यापासून रोज वीस वाक्प्रयोग.

२३ एप्रिल, मंगळवार. नांदेड

पहाटेच्या बसने अहमदपूर, लोहा करत नांदेडला आलो. प्रेसवर प्रूफं पाहिली. कव्हरवर माझा फोटो, मागे अकॅडमीची इमारत. इमारतीचा फोटो कम्पोझिटरने थोडा वाकडा लावला होता. मी म्हटलं, सरळ करा. तो म्हणाला, फोटो सरळच आहे सर, बिल्डिंगच तशी आलीय. खालून काढला की असं येतं.

पंचाक्षरी सरांना भेटलो. कॉलेजात इंग्रजीचे हेड होते, आता निवृत्त. प्रमुख पाहुणे म्हणून यायचं कबूल केलं. हॉलमध्ये किती माणूस मावतं असं विचारलं. मी म्हटलं, ऐंशी. (बाक बत्तीस जणांचे आहेत. खुर्च्या भाड्याने आणायच्या.) ते म्हणाले, ऐंशी म्हणजे दाटीवाटी होईल. मी म्हटलं, सर, द मोअर द बेटर.

दुपारी बसस्टँडवर सिंधुबाईंचा फोन. छताचा टोपलंभर गिलावा तिसऱ्या बाकावर पडला. बॅच आलेली नव्हती, कोणाला लागलं नाही. मी विचारलं, बाक मोडला का? नाही म्हणाल्या. मग झालं तर. तिसरा बाक मागं सरकवा, म्हटलं. कुड बी वर्स.

हा वाक्प्रयोग राहिलाच होता. बसमध्येच लिहून घेतला.

२६ एप्रिल, शुक्रवार

मॅडमनी आज पत्र दिलं. इंग्रजीत, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, दीड पान. मला भरून आलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ही बाई 'आय अ‍ॅम' म्हणून थांबत होती.

पत्रात मजकूर असा की स्लॅब धोकादायक आहे, आतल्या सळया गंजून फुगल्या आहेत, टाक्या ताबडतोब रिकाम्या कराव्यात, तोवर हॉलमध्ये कोणालाही बसवू नये. एक वाक्य होतं: 'द क्रॅक इज मोअर वायडर दॅन लास्ट वीक.'

मोअर वायडर! डबल कम्पॅरेटिव्ह! महिनाभर मी याच एका गोष्टीवर घसा फोडतोय. वायडर म्हटलं की मोअर लागत नाही. लाल पेनाने गोल केला. आणखी चार चुका निघाल्या. खाली 'गुड इम्प्रूव्हमेंट, ७/१०' लिहून सही करून परत दिलं.

मॅडमनी कागद घेतला. बराच वेळ त्या गोलाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही वाचलंत का हे?"

मी म्हटलं, शब्दन् शब्द.

२९ एप्रिल, सोमवार

महामाया मॅडम आल्या नाहीत. शनिवारीही नव्हत्या. मार्क कमी पडले की मोठी माणसंसुद्धा पोरांसारखी रुसतात. पुस्तकाच्या प्रस्तावनेत यावर एक परिच्छेद घालावा का?

बॅचमधले आणखी पाच जण गैरहजर. उन्हाळा.

१ मे, बुधवार. दुपारी

गुरुपादप्पा स्वतः वर आले. साठीच्या पुढचे, पांढरी टोपी, बोलणं उदगीरकडचं. मॅडम त्यांच्या घरी जाऊन बसल्या होत्या म्हणे, दोन तास. त्यांच्या सुनेला सगळं कागदावर काढून दाखवलं. सून घाबरली.

अप्पा छताखाली उभं राहून तडा बघत होते. हात वर करून तड्यात बोट घातलं असतं तर पेरभर गेलं असतं, पण ते बुटके आहेत. म्हणाले, "सर, तुमी म्हनत असाल तर टाक्या रिकाम्या करतो. आजच करतो. पण मग तुमच्या प्रोग्रामला पाणी न्हाई बघा. नळ येतोय अकरा तारखेला. ते भरून न्हाई घेतलं तर बाराला ऐंशी मानसांच्या हातपाय धुवायला, चहाला काय करताव?"

मी विचार केला. अगदी शांतपणे केला. ऐंशी माणसं, नांदेडहून पाहुणे, मे महिना. संडासात पाणी नाही म्हणजे लेखकाची आयुष्यभराची बेइज्जती. टाक्या महिना-दीड महिना भरलेल्याच आहेत, आणखी बारा दिवसांनी काय होणार आहे? तेराला रिकाम्या करा, असं सांगितलं.

अप्पा म्हणाले, "तुमी शिकलेले. तुमी म्हनताव तर ठीक." आणि जिना उतरले. उतरताना भिंतीला हात लावला नाही. त्यांचा नेहमी असतो.

हा निर्णय मी घेतला हे बरं झालं. कोणीतरी घ्यायला हवा होता.

४ मे, शनिवार

निमंत्रणपत्रिका वाटून झाल्या. वर्षाराणी, म्हणजे माझी बायको, म्हणाली की ती हॉलमध्ये येणार नाही. खाली रस्त्यावर उभी राहीन, पेढे तिथंच वाटीन.

ती किल्लारीकडची. भूकंप झाला तेव्हा नऊ वर्षांची होती. अजूनही झोपताना चप्पल उशाशी ठेवते. त्या भागातल्या त्या पिढीला भिंतीची भीतीच आहे, तो विषय वेगळा. मी समजावलं की आपला तडा आणि तिकडचं ते, यांची तुलना होऊ शकत नाही.

ती म्हणाली, "तुलना तुम्ही करत बसा. मी बघितलंय ते. आधी भुकटीच पडती."

माझ्याच प्रकाशनाला माझी बायको रस्त्यावर. लोक काय म्हणतील याचा विचार तिने केला का?

वाक्प्रयोग एकूण २०४. नावात ५०१ छापून झालंय. प्रेसवाल्याला फोन केला, तो म्हणाला कोणी मोजत नाही.

८ मे, बुधवार

हॉलचं दार लागेना. चौकट वरून दबल्यासारखी झालीय. लाकूड उन्हाने फुगतं. सुताराला बोलावलं. त्याने दाराची वरची कड रंध्याने तासली, दार लागलं. सामान गोळा करता करता वर बघून म्हणाला, सर, हे लाकडाचं काम न्हाई. आणि मजुरी न घेता गेला. विचित्र माणूस.

तास घेताना दोनदा 'टक' असा आवाज आला. सुकी फांदी मोडावी तसा. पोरांनी पुस्तकातून डोकी वर केली. मी पुढं चालू ठेवलं: 'इट इज नॉट अ‍ॅज बॅड अ‍ॅज इट साउंड्स.' जागच्या जागी सुचलं. याला म्हणतात प्रभुत्व.

सहाच्या बॅचला अकरा जण उरले.

९ मे, गुरुवार

दुपारी चारला दार परत अडकलं.

११ मे, शनिवार. संध्याकाळी ५

नळ आला. गुरुपादप्पांच्या मोटारीचा आवाज सकाळपासून. तिन्ही टाक्या काठोकाठ. एका टाकीचं पाणी ओसंडून खिडकीवरून धार लागली होती. लातूरकरांच्या डोळ्यांना केवढं सुख!

खुर्च्या आल्या. सिंधुबाईंनी रांगा लावल्या. तड्याखाली खुर्ची ठेवायला त्या तयार होईनात. त्यामुळं मधोमध एक मोकळी वाट राहिली. फोटोत चांगली दिसेल म्हणून मीही तशीच ठेवली.

महामाया मॅडमचा फोन. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा उचलला. म्हणाल्या, "सर, पाया पडते. रस्त्यावर मांडव टाका, शाळेत घ्या, देवळात घ्या. मी माणसं देते, खुर्च्या उचलून देते. वर घेऊ नका." मी म्हटलं, मॅडम, आपण शिष्या आहात, आपलं आसन पहिल्या रांगेत राखून ठेवलंय. आणि हे वाक्य आपण इंग्रजीत बोलायचा प्रयत्न केलात तर मला जास्त आनंद होईल.

फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम.

उद्याच्या भाषणाचं पहिलं वाक्य: 'मित्रहो, माणूस तुलनेशिवाय जगू शकत नाही.'

१२ मे, रविवार. सकाळी ९.४०

हॉलवर आलो. नवा शर्ट. पुस्तकांचे गठ्ठे खाली जिन्यात आलेत. सिंधुबाई समई घासतायत. वरून बारीक भुकटी पडतेय, पण सतत. पिठाच्या गिरणीत पडते तशी. टेबलावर चादर घातली.

१२ मे, सकाळी १०.५५

कोणीही नाही.

हॉलमध्ये ऐंशी खुर्च्या, त्यातल्या एकीवर मी. म्हणून वही उघडली. समोर खिडकीतून दिसतंय: रस्त्यापलीकडे चहाच्या हॉटेलापुढे गर्दी. माझीच माणसं. सहाची बॅच, सातची बॅच, वर्षाराणी पेढ्यांचा डबा घेऊन. पंचाक्षरी सर नांदेडहून येऊन खुर्चीवर बसलेत, हातात कप. आणि आमच्या गेटसमोर आडवी स्कूटी लावून महामाया मॅडम उभ्या. येणाऱ्या प्रत्येकाला हात करून पलीकडे पाठवतायत.

हा सरळसरळ कट आहे. सात मार्क दिले म्हणून.

आता खाली जाऊन सगळ्यांसमोर विचारणार आहे.

१५ मे, बुधवार

तीन दिवस वही उघडली नाही. क्रमाने लिहितो.

मी जिना उतरलो. जिन्यात सिंधुबाई पुस्तकांच्या गठ्ठ्यापाशी बसल्या होत्या. मी म्हटलं, पुस्तकं वर नेऊन टेबलावर मांडा, मी पाहुण्यांना घेऊनच येतो. त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, तुमी आल्यावर मांडू का?" मी म्हटलं, आधी मांडा. त्या तरी बसूनच. मग मी म्हटलं, सहा वर्षांत माझं एक काम तुम्ही टाळलं नाही, आज टाळताय? त्यांनी गठ्ठा डोक्यावर घेतला.

मी गेटबाहेर पडलो. मॅडमपाशी पोचलो. त्यांनी पहिलं विचारलं, वर कोण आहे? मी म्हटलं, आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. त्या ओरडल्या, "सर, वर कोण हाय?" मी म्हटलं, सिंधुबाई आहेत, पुस्तकं मांडतायत. मॅडमनी स्कूटी तशीच सोडली, ती पडली, आणि त्या गेटातून आत पळाल्या. सिंधुबाईंचं नाव घेऊन हाका मारत होत्या. पंचाक्षरी सर उठून उभे राहिले.

आवाज फार मोठा नव्हता. ट्रकमधून वाळू सोडावी तसा. मग पाण्याचा. पंधरा हजार लिटर पाणी खिडकीतून, दारातून, जिन्यातून खाली आलं. पांढरं, दुधासारखं. त्यात माझी पुस्तकं आली.

वर्षाराणीच्या हातातून डबा पडला. ती माझ्याकडे बघत नव्हती. खाली रस्त्याकडे बघत होती, तो हलतोय का म्हणून.

मॅडम, बॅचमधली दोन माणसं आणि चहावाला वर गेले. मी जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेलो. पुढं पाय उचलला नाही. दार अडकलेलं होतं. मी तासून घेतलेलं तेच. चहावाल्याने लाथा घालून मोडलं. सिंधुबाई दाराच्या आत दोन हात अंतरावर होत्या. बाहेर यायला निघाल्या होत्या.

जिवंत आहेत.

१६ मे, गुरुवार

उजवा पाय गुडघ्याखालून काढला. दुपारी. डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही नातेवाईक का? नाही म्हटलं. मग ते सिंधुबाईंच्या सुनेशी बोलले.

गुरुपादप्पांना पोलीस घेऊन गेलेत. त्यांची सून दारात रडत उभी होती म्हणे.

१७ मे, शुक्रवार

लोक घरी येऊन जातायत. देवानं वाचवलं म्हणतात. ऐंशी माणसं वाचली म्हणतात. पंचाक्षरी सरांनी नांदेडहून फोन केला, म्हणाले, त्या मुलीचे उपकार आहेत आपल्यावर. मी हो म्हटलं.

वर्षाराणी पाच दिवसांत तीन वाक्यं बोलली असेल. आज चौथं बोलली. विचारलं, "अप्पा त्या दिवशी टाक्या रिकाम्या करतो म्हणाले होते ना?"

तिला कोणी सांगितलं, माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं. या वहीत लिहिलं होतं फक्त.

१८ मे, शनिवार. दुपारी

दवाखान्यात गेलो. जबाब घ्यायला पोलिसांतले एक साहेब आले होते. कॉटच्या शेजारी स्टुलावर बसून लिहीत होते. सिंधुबाई उशीला टेकलेल्या. चादर एका बाजूला सपाट. महामाया मॅडम डोक्याशी उभ्या, त्यांना पाणी पाजत होत्या. मॅडमच्या दोन्ही तळहातांना पट्ट्या.

साहेबांनी सिंधुबाईंना विचारलं, तडा गेलाय हे क्लासच्या सरांना ठाऊक होतं का?

सिंधुबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग साहेबांकडं. म्हणाल्या, "न्हाई साहेब. सरांना काय ठाव? ते आपले पुस्तकात. मीच उगी वर गेले."

साहेबांनी लिहून घेतलं. मॅडमनी भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्या मला बोलायची संधी देतायत, हे मला कळलं.

मी म्हटलं, "मला माहीत होतं."

इतकं सोपं वाक्य होतं. मराठीत निघालं.

साहेबांनी पेन थांबवलं. मी म्हटलं, चार एप्रिलपासून माहीत होतं. यांनीच सांगितलं होतं. मॅडमनी लेखी दिलं होतं, ते मी तपासून परत केलं. मालक टाक्या रिकाम्या करायला आले होते, मी थांबवलं. वर यांना मी पाठवलं. त्या जात नव्हत्या.

सिंधुबाईंनी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी हातातल्या कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. वयाने लहान होते, चेहरा थकलेला. हळू आवाजात म्हणाले, "सर, हे आता लिहून झालंय. मालकावर गुन्हा दाखल झालाय, तुम्ही साक्षीदार. बाई स्वतः सांगायलीय. तुम्ही शिक्षक माणूस, धक्का बसलाय तुम्हाला. आता खोडाखोड नको."

मॅडम म्हणाल्या, "नवीन कागद घ्या ना साहेब."

साहेब म्हणाले, "मॅडम, मला अजून दोन ठिकाणी जायचंय." कागद माझ्यापुढं धरला. खाली जिथं बोट ठेवलं तिथं साक्षीदार म्हणून माझं नाव आधीच लिहिलेलं होतं. पेनाचं टोपण त्यांनीच काढून दिलं.

मी मॅडमकडं पाहिलं नाही.

सही केली. इंग्रजीत झाली, सवयीनं.